प्लेटलेट्स कमी झाल्या... पण कशामुळे?

पावसाळा सरता सरता जबलपूरच्या रुग्णालयांत एकच आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो. त्या आकड्यामागे धावताना मूळ आजाराकडेच पाठ तर फिरवली जात नाही ना?

नर्मदेचे गढूळ पाणी निवळू लागते, नवरात्राचे मांडव उभे राहतात आणि त्याच सुमारास जबलपूरच्या रुग्णालयांतल्या खाटा भरू लागतात. गढ्याचे मेडिकल कॉलेज असो, जुने जबलपूरकर अजूनही ज्याला ‘विक्टोरिया’ म्हणतात ते सेठ गोविंददास जिल्हा रुग्णालय असो, की एखादे खासगी नर्सिंग होम... व्हरांड्यातले बोलणे ऐकले तर क्षणभर वाटावे, इथे क्रिकेटची मॅच चालू आहे.

‘काल बेचाळीस होत्या, आज एकतीस!’

‘आमच्या बाबांच्या तर एकोणीसवर आल्या!’

‘आपके पेशंट के कितने हैं?’

हे आकडे धावांचे नसतात, प्लेटलेट्सचे असतात आणि हजारांत मोजलेले असतात. ‘प्लेटलेट गिर गये हैं’ एवढे शब्द कानावर पडले की घरात धावपळ सुरू होते. थोरला ब्लड बँकेकडे पळतो, धाकटा मित्रांना फोन लावतो, आत्या पपईची पाने शोधायला निघते आणि आई देव पाण्यात घालून बसते.

यातली काळजी अगदी खरी असते. चुकते ती दिशा. प्लेटलेट्स कमी होणे हा स्वतः आजार नाही, ते आजाराचे चिन्ह आहे, जसा ताप. थर्मामीटरवर १०३ दिसले म्हणून आपण ‘ताप किती?’ एवढेच विचारून थांबत नाही, ‘ताप कशाचा?’ हेही विचारतो. प्लेटलेट्सच्या बाबतीत मात्र ‘किती?’ हाच प्रश्न सगळ्यांच्या जिभेवर असतो आणि ‘का?’ हा प्रश्न मागे राहतो. जीव वाचवणारा प्रश्न बहुतेक वेळा हा दुसराच असतो.

रक्तातले गवंडी

आधी थोडी ओळख करून घेऊ. प्लेटलेट म्हणजे आपल्या रक्तातला सर्वांत लहान घटक. मराठी पुस्तकांत त्याला ‘बिंबाणू’ असे छान नाव आहे. त्याचा व्यास जेमतेम दोन-तीन मायक्रॉन, म्हणजे तांबड्या पेशीच्या निम्म्याहूनही कमी. १८८२ मध्ये इटलीच्या ज्युलिओ बिझ्झोझेरो या शास्त्रज्ञाने तिचे काम नीट ओळखले. रक्तवाहिनीला चीर पडली की या प्लेटलेट्स गवंड्यांसारख्या धावून येतात, एकमेकींना चिकटतात आणि भोक बुजवतात.

त्यांचा जन्म होतो हाडांच्या पोकळीतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत. तिथल्या मोठमोठ्या पेशींचे तुकडे सुटतात, त्याच प्लेटलेट्स. आयुष्य सात ते दहा दिवसांचे. म्हणूनच शरीराला रोज सुमारे दहा हजार कोटी नव्या प्लेटलेट्स तयार कराव्या लागतात!

निरोगी माणसाच्या एक मायक्रोलिटर रक्तात, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढ्या थेंबात, साधारण दीड ते साडेचार लाख प्लेटलेट्स असतात. काही लॅबच्या रिपोर्टवर ‘१५० × १०³’ असे छापलेले असते. तो आकडा दीडशे नव्हे, दीड लाख समजायचा. हे ठाऊक नसल्याने घाबरगुंडी उडालेली घरे काही कमी नाहीत.

दीड लाखाच्या खाली गेल्या की प्लेटलेट्स ‘कमी’ म्हणायच्या. पण कमी म्हणजे लगेच धोका नव्हे. पन्नास हजारांपर्यंत रक्तस्राव सहसा होत नाही. बऱ्याचशा शस्त्रक्रियाही तेवढ्या प्लेटलेट्सवर करता येतात, मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी मात्र एक लाखाच्या आसपास लागतात. वीस हजारांखाली आपोआप रक्त येण्याची शक्यता वाढते आणि दहा हजारांखाली ती गंभीर होते.

जमाखर्चाचे गणित

प्लेटलेट्स कमी का होतात? घरखर्चाच्या वहीवरून हे चटकन कळेल. महिनाअखेर हातात पैसे कमी उरले, तर त्याची कारणे तीन-चारच असतात. मिळकत घटली, खर्च वाढला, पैसा कुठेतरी अडकून पडला, किंवा तेवढ्याच पैशात खाणारी तोंडे वाढली.

रक्ताचेही तसेच आहे. मिळकत घटते तेव्हा अस्थिमज्जेतला कारखाना मंदावलेला असतो. बी-१२ किंवा फॉलिक अ‍ॅसिडची कमतरता, दारू, काही विषाणू, कॅन्सरवरची औषधे किंवा खुद्द रक्ताचा कॅन्सर अशी त्याची कारणे. खर्च वाढतो तेव्हा तयार प्लेटलेट्स भराभर नष्ट होत असतात. डेंग्यू, मलेरिया, रक्तातला जंतुसंसर्ग, काही औषधे, शरीराचीच उलटलेली प्रतिकारशक्ती यांचा हा प्रताप. पैसा अडकतो तो प्लीहेत, म्हणजे आजीच्या भाषेत पानथरीत. एरवीही एक तृतीयांश प्लेटलेट्स तिथे मुक्कामाला असतात. पानथरी वाढली की ती आणखी प्लेटलेट्स दाबून ठेवते. आणि मोठ्या रक्तस्रावानंतर बाहेरून भराभर रक्त व सलाइन द्यावे लागले, तर उरलेल्या प्लेटलेट्स पातळ होऊन विरळ दिसतात.

कारण कोणते, त्यावर उपाय ठरतो. आणि ही जवळजवळ सगळी कारणे एकाच शहरात पाहायची असतील, तर जबलपूरसारखे ठिकाण नाही.

एक आकडा, पाच खाटा

जबलपूर ही महाकोशलची रुग्णालय-नगरी. मंडला, डिंडोरी, बालाघाट, सिवनी, नरसिंहपूर, कटनी... चहूबाजूंनी रुग्ण इथे येतात. शहरातली दाट वस्ती, नर्मदाकाठची शेती आणि सालवृक्षांचे जंगल या तिन्हींचे आजार एकाच वॉर्डात शेजारी-शेजारी झोपतात. कल्पना करा, अशा एका वॉर्डात पाच खाटा आहेत आणि पाचही जणांच्या केसपेपरवर प्लेटलेट्स आहेत चाळीस हजार.

पहिल्या खाटेवर शहरातला कॉलेजकुमार. पाच दिवस ताप, डोळ्यांमागे ठणका, अंग मोडून आलेले. हा डेंग्यू. कूलरच्या आणि टाकीच्या साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढणारा, दिवसा चावणारा एडिस डास त्याचा वाहक. यात प्लेटलेट्स तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून घसरतात, पाचव्या-सहाव्या दिवशी तळ गाठतात आणि आठवड्यानंतर आपणहून वर चढतात.

दुसऱ्या खाटेवर मंडल्याच्या जंगलपट्ट्यातला मजूर. थंडी वाजून ताप, डोळे पिवळसर. हा मलेरिया. फॅल्सिपेरम असो वा व्हायवॅक्स, दोन्हींत प्लेटलेट्स झपाट्याने खाली येतात. पण मलेरियाचे योग्य औषध सुरू झाले की काही दिवसांत त्या वर येतात. प्लेटलेट्सची पिशवी बहुधा लागतच नाही. याच भागातील आजारांचा अभ्यास करण्यासाठी १९८४ मध्ये जबलपुरात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने केंद्र उघडले. आज ती राष्ट्रीय जनजाती आरोग्य संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. तिच्या सहभागाने मंडला जिल्ह्यातल्या १,२३३ गावांत २०१७ मध्ये मलेरिया निर्मूलनाचा प्रकल्प सुरू झाला आणि तिथला मलेरिया खूपच खाली आला. पण खूप कमी झाला म्हणजे संपला असे नव्हे. तापाच्या रुग्णाची मलेरियाची तपासणी राहून जाता कामा नये.

तिसऱ्या खाटेवर शेतात निंदणी करणारी बाई. आठ-दहा दिवस ताप, डोकेदुखी, आता धाप लागलेली. डेंग्यू नाही, मलेरिया नाही. मग काय? नीट तपासले तर काखेत, कमरेला किंवा जांघेत सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली सापडू शकते. हा स्क्रब टायफस. गवतातल्या चिगर नावाच्या बारीकशा अळीच्या चाव्यातून होणारा. २०१८ मध्ये नागपूर आणि विदर्भात या तापाने बरेच बळी घेतले होते. डॉक्सिसायक्लिन नावाचे स्वस्त औषध वेळेवर मिळाले तर दोन दिवसांत ताप उतरतो. उशीर झाला तर फुप्फुसे, मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात. संकोचामुळे खपली दाखवली जात नाही आणि सगळे लक्ष प्लेटलेट्सच्या आकड्यावर राहिले, तर हाताशी असलेला उपाय हातचा जातो.

चौथ्या खाटेवरच्या गृहस्थांना तापच नाही. पोट फुगलेले, पाय सुजलेले. वर्षानुवर्षांच्या दारूने किंवा काविळीच्या बी, सी विषाणूंनी लिव्हर कडक झालेले आहे आणि त्यामुळे पानथरी वाढलेली. यांच्या प्लेटलेट्स कित्येक महिने अशाच असतात. आज पिशवी चढवली तरी उद्या पानथरी ती गिळून बसेल. इथे लिव्हरवर उपचार हवेत.

पाचव्या खाटेवरची तरुणी तर ठणठणीत दिसते! फक्त पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके आणि पाळीच्या वेळी जास्त रक्तस्राव. हिची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या प्लेटलेट्सना परकी समजून मारते आहे. डॉक्टर याला आयटीपी म्हणतात. लहान मुलांत हा त्रास एखाद्या सर्दी-तापानंतर उद्भवतो आणि बहुतेक मुले काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत बरी होतात. मोठ्यांना स्टेरॉइडसारखी औषधे लागू शकतात.

या आजाराचे कारण कसे उमगले, ती गोष्ट थरारक आहे. १९५० मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात विल्यम हॅरिंग्टन या तरुण डॉक्टरला शंका आली की, रुग्णाच्या रक्तातच प्लेटलेट्स मारणारे काहीतरी असावे. खात्री करण्यासाठी त्याने चक्क एका रुग्ण स्त्रीचे रक्त स्वतःच्या अंगात टोचून घेतले. काही तासांतच त्याच्या प्लेटलेट्स तळाला गेल्या, अंगभर ठिपके उठले, त्याला झटकाही आला! पाचेक दिवसांनी तो सावरला. आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही, पण त्या धाडसाने आयटीपीचे कोडे सुटले.

पाच खाटा, एकच आकडा आणि पाच वेगळे उपचार. आता सांगा, नुसत्या आकड्यावरून काय कळले?

आयसीयू आणि बाळंतिणीचा वॉर्ड

रुग्णालयात दाखल झाल्यानंतरही प्लेटलेट्स उतरू शकतात. आयसीयूमध्ये याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग. तिथे डॉक्टर आकड्यापेक्षा त्याची चाल पाहतात. पहिले तीन-चार दिवस उतरून मग आकडा चढू लागला तर शुभ लक्षण. खालीच रेंगाळला तर काळजीचे.

औषधांकडेही लक्ष द्यावे लागते. लिनेझोलिड, व्हॅल्प्रोएट, क्विनीन, सल्फाची औषधे... यांनी प्लेटलेट्स घटू शकतात. रक्त पातळ ठेवणाऱ्या हेपॅरिनची तऱ्हा तर अजबच. क्वचित एखाद्या रुग्णात ते सुरू केल्यावर पाच ते दहा दिवसांनी प्लेटलेट्स निम्म्यावर येतात, पण रक्तस्रावाऐवजी गुठळ्या होतात! अशा वेळी उपाय म्हणजे ते इंजेक्शन बंद करून गुठळ्या रोखणारे दुसरे औषध देणे. प्लेटलेट्स चढवणे उलट घातक ठरू शकते.

‘एल्गिन’ या जुन्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राणी दुर्गावती महिला रुग्णालयासारख्या ठिकाणी आणखी एक चित्र दिसते. शंभरातल्या पाच ते दहा गर्भवतींच्या प्लेटलेट्स शेवटच्या महिन्यांत थोड्या उतरतात. त्या बहुधा सत्तर-ऐंशी हजारांच्या वरच राहतात आणि बाळंतपणानंतर आपोआप पूर्ववत होतात. पण सोबत रक्तदाब वाढलेला असेल, डोके दुखत असेल, पोटात वर उजवीकडे कळ येत असेल, तर मात्र क्षणभरही थांबू नये. तो आई आणि बाळ दोघांच्याही जिवाचा प्रश्न असतो.

आदिवासी भागातल्या सिकलसेलच्या लहान मुलांत पानथरीत अचानक रक्त साठून हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट्स दोन्ही कोसळतात. पोट एकाएकी फुगते, मूल पांढरे पडते. देशाचे सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी जबलपूरच्या शेजारच्याच शहडोलमधून सुरू झाले, ते उगाच नव्हे.

खोटी घट

कधीकधी प्लेटलेट्स कमी झालेल्याच नसतात! तपासणीचे रक्त जांभळ्या झाकणाच्या ज्या नळीत घेतात, तिच्यात ते गोठू नये म्हणून ईडीटीए हे रसायन असते. हजारात एखाद्या माणसाच्या प्लेटलेट्स या रसायनाने एकमेकींना चिकटतात. मशीनला तो पुंजका मोजता येत नाही आणि कागदावर आकडा येतो वीस हजार. माणूस मात्र खडखडीत बरा. सुई टोचताना रक्त अडखळत आले, तरी गुठळी होऊन असेच घडते. म्हणून तब्येत आणि आकडा यांचा मेळ बसत नसेल, तर काचेवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी पाहावे, किंवा दुसऱ्या प्रकारच्या नळीत रक्त घेऊन पुन्हा मोजावे. जुनी पद्धत आहे, स्वस्त आहे आणि अजूनही फार कामाची आहे.

पिशवी केव्हा लागते?

डेंग्यूत माणूस दगावतो तो बहुतेक वेळा प्लेटलेट्स कमी झाल्यामुळे नव्हे. रक्तवाहिन्यांतून पातळ द्रव बाहेर झिरपतो, रक्त दाट होते, रक्तदाब कोसळतो, हे खरे संकट. आणि ते येते ताप उतरत असताना! घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात नेमक्या त्या वेळी. म्हणून डॉक्टर प्लेटलेट्सइतकेच, किंबहुना जास्त लक्ष हिमॅटोक्रिटकडे, म्हणजे रक्ताच्या दाटपणाकडे देतात. योग्य प्रमाणात सलाइन हेच तिथले मुख्य औषध. कमी दिले तर धोका, जास्त दिले तरी धोका.

मग प्लेटलेट्स चढवून आधीच बंदोबस्त का करू नये? सिंगापूर आणि मलेशियातल्या डॉक्टरांनी हेच तपासले. वीस हजार किंवा त्याहून कमी प्लेटलेट्स असलेल्या, पण रक्तस्राव नसलेल्या ३७२ डेंग्यू रुग्णांपैकी निम्म्यांना पिशव्या दिल्या, निम्म्यांना नाही. २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पिशव्यांनी रक्तस्राव टळला नाही, उलट त्या घेणाऱ्यांना अ‍ॅलर्जीसारखे त्रास जास्त झाले. भारत सरकारच्या डेंग्यूविषयक मार्गदर्शक सूचनाही सांगतात की, रक्तस्राव नसेल तर दहा हजारांखाली गेल्यावरच पिशवीचा विचार करावा. ठळक रक्तस्राव होत असेल तर गोष्ट वेगळी.

दुसरी बाजूही पाहू. प्लेटलेट्सची पिशवी २० ते २४ अंश तापमानात, सतत हलत्या फळीवर ठेवावी लागते आणि अवघे पाच दिवस टिकते. साध्या रक्तदानातून निघालेल्या एका पिशवीने मोठ्या माणसाच्या प्लेटलेट्स पाच ते दहा हजारांनी वाढतात, मशीनवर एकाच दात्याकडून घेतलेल्या पिशवीने तीस ते साठ हजारांनी. म्हणजे हा माल नाशवंत आणि मोजका. ज्याला गरज नाही त्याला चार पिशव्या चढल्या, की केमोथेरपी घेणाऱ्या, ज्याच्या मज्जेत प्लेटलेट्स तयारच होत नाहीत अशा एखाद्या मुलाच्या वाट्याची पिशवी जाते. त्याच्यासाठी ती खरोखर प्राणदान असते.

शिवाय घबराट झाली की बाजार बसतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रयागराजला पोलिसांनी एक टोळी पकडली. डेंग्यूच्या ऐन साथीत ती प्लाझ्मा भरलेल्या पिशव्यांवर प्लेटलेट्सची लेबले चिकटवून विकत होती. पिशवी परवानाधारक ब्लड बँकेतूनच, पावती घेऊनच आणावी.

आणि पपईच्या पानांचा रस? काही छोट्या अभ्यासांत त्याने आकडा थोडा लवकर चढल्याचे दिसले आहे, पण त्याने रक्तस्राव टळतो किंवा जीव वाचतो असे सिद्ध झालेले नाही. डेंग्यूचा आकडा सातव्या-आठव्या दिवशी तसाही चढतोच, आणि श्रेय जाते त्या दिवशी प्यायलेल्या रसाला! उलट्या होणाऱ्या रुग्णाला तो कडू रस बळे पाजू नये. बकरीचे कच्चे दूध तर नकोच, त्यातून वेगळेच जंतू पोटात जातील. ताक, पेज, नारळपाणी, ओआरएस... जे पोटात ठरेल ते द्यावे.

घरच्यांनी हे विचारावे

० प्लेटलेट्स कमी होण्याचे कारण काय वाटते? मलेरिया, डेंग्यू, स्क्रब टायफस या तिन्हींची तपासणी झाली का? (डेंग्यूची एनएस-१ चाचणी पहिल्या पाच दिवसांत, आयजीएम त्यानंतर उपयोगी.)

० हिमॅटोक्रिट किती? पांढऱ्या पेशी आणि हिमोग्लोबिन ठीक आहे ना? तिन्ही एकदम घटले असतील तर अस्थिमज्जेचा विचार व्हायला हवा.

० काचेवर थेंब पाहून मोजणी पक्की केली का? पूर्वीचा एखादा रिपोर्ट आहे का?

० सध्याच्या औषधांपैकी कशामुळे हे होत असेल का?

० पिशवी सुचवली असेल तर नेमकी कशासाठी? रक्तस्राव आहे की फक्त आकडा कमी आहे?

तापात अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नयेत. तापासाठी पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणातच. हृदयविकारासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ती परस्पर बंद न करता डॉक्टरांना लगेच सांगावे.

पोटात असह्य दुखणे, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, डांबरासारखी काळी शौच, हातपाय गार पडणे, लघवी कमी होणे, सुस्ती किंवा बरळणे, धाप... यातले एकही दिसले तर आकडा दीड लाख असला तरी रुग्णालय गाठावे. यातले काहीच नसेल, रुग्ण खातोपितो आहे, लघवी नीट होते आहे, तर चाळीस हजारांचा कागद हातात घेऊनही धीर धरता येतो. मात्र डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा तपासणी चुकवू नये.

आणि ज्यांना खरोखर काही करायचे आहे, त्यांनी घरातले माणूस आजारी पडण्याची वाट पाहू नये. निरोगी असताना ब्लड बँकेत नाव नोंदवून ठेवावे. मशीनवर प्लेटलेट्स द्यायला तास-दीड तास लागतो, तांबड्या पेशी आपल्याला परत मिळतात आणि दिलेल्या प्लेटलेट्स काही दिवसांत भरून येतात. आठवड्यातून एकदा कूलर आणि टाकी कोरडी करून घासली, तर त्यातल्या कित्येक पिशव्या लागणारही नाहीत.